दत्तक कोण, कोणाला?

महाविद्यालयांच्या फलकांवर एक शब्द नेमाने आढळतो : 'दत्तक गाव'. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वार्षिक अहवालांत तो असतो, 'नॅक'च्या पाहणीसाठी बांधून ठेवलेल्या फायलींत असतो, आणि नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलेल्या समाज-सहभाग प्रकल्पाच्या कागदांतही आता तो येऊन बसला आहे. ज्या गावाची पांढरी शेकडो वर्षांची, ज्याला स्वतःचे ग्रामदैवत, स्वतःची ग्रामपंचायत आणि कायद्याने मिळालेली ग्रामसभा, ते गाव तीस-चाळीस वर्षांपूर्वी निघालेल्या महाविद्यालयाने दत्तक घ्यायचे म्हणजे काय? दत्तक घेणाऱ्याने निदान वारसाला इस्टेट तरी द्यायची असते. इथे गावाच्या वाट्याला येतो तो वेशीवरचा एक फलक आणि वर्षातले सात दिवस.

शब्दाचा एवढा कीस काढण्याचे कारण आहे. आजवर गावात जाणे हा हौशी विद्यार्थ्यांचा मामला होता. ज्याला आवड त्याने सेवा योजनेत नाव घालावे, दोन वर्षांत २४० तास भरावेत, एक शिबिर करावे आणि प्रमाणपत्र घ्यावे. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमाचा जो नवा आराखडा आला, त्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाज-सहभाग प्रकल्प यांना श्रेयांक मिळाले. आधी स्वायत्त आणि मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही तो लागू झाला. साधारण दोन श्रेयांक, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने साठ तास. मूठभरांचा छंद होता तो आता लाखो विद्यार्थ्यांचा विषय झाला आहे.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगोल. बालाघाटच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात सेवा योजनेची दोन हिवाळी शिबिरे आणि पुढे त्याच गावात प्रकल्प, असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, या साठ तासांतून विद्यार्थ्याला पुष्कळ मिळू शकते, पण एका अटीवर. त्या तासांनंतर गावाच्या हाती काय उरले, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. तो विचारला नाही तर गावाप्रमाणे विद्यार्थीही रिकाम्या हातानेच परततो.

सक्तीचा जुना वाद

विद्यार्थ्यांनी समाजात जावे हा विचार आजचा नाही. १९५९ मध्ये केंद्र सरकारने डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली होती. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रसेवा करावी, अशी शिफारस या समितीने केली. खर्चाचा आकडा आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहून सरकारने ती बाजूला ठेवली. पुढे के. जी. सय्यदैन यांनी अनेक देशांतील योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे सुचवले, कोठारी आयोगाने समाजसेवा शिक्षणाच्या सर्व टप्प्यांशी जोडण्याचा आग्रह धरला, आणि गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

देशमुख समितीची सक्ती योग्य होती की नाही, हा वाद बाजूला ठेवू. तिच्या काळाच्या हिशेबात मात्र शहाणपण होते. नऊ महिन्यांत निदान दोन हंगाम डोळ्यांखालून जातात. पेरणी दिसते, सुगी दिसते, कदाचित विहिरी आटतानाही दिसतात. आता सक्ती श्रेयांकांच्या वाटेने परत आली आहे, पण नऊ महिन्यांच्या जागी साठ तास घेऊन.

हिवाळ्यातले गाव

या साठ तासांचे आणि सात दिवसांचे वेळापत्रकच मुळात चमत्कारिक आहे. शिबिरे भरतात ती बहुधा डिसेंबर-जानेवारीत, पहिले सत्र आटोपल्यावर. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री मनोरंजन. ओढ्याला थोडे पाणी वाहत असते, त्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला जातो. रानात ज्वारी उभी, विहिरींना पाणी, हवा गार. वर्षातल्या सर्वांत सुखाच्या दिवसांत विद्यार्थी गाव पाहून येतात. एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी घागरींची रांग लागते, तेव्हा विद्यापीठात परीक्षा चालू असतात.

आमच्या भागात याहूनही मोठी गफलत होते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, ज्याला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, ती कारखान्याच्या रानात पाचटाच्या खोपीत राहायला जाते आणि गळीत हंगाम संपला की परतते. शिबिराच्या आठवड्यात गावातल्या कितीतरी घरांना कुलूप असते. सर्वेक्षणाचे अर्ज भरले जातात ते मागे राहिलेल्यांचे : ज्यांची शेती ओलिताची, ज्यांना नोकरी, किंवा जे म्हातारे. या अर्जांवरून जो तक्ता तयार होतो, त्यात गाव आहे त्याहून सुखवस्तू आणि आहे त्याहून वयस्क दिसते. असा अहवाल नीट बांधून ग्रंथालयात ठेवला, तर पुढच्या पिढीला तो खरा वाटेल, यातच त्याचा धोका आहे.

आणखी एक गोष्ट. तालुक्याच्या महाविद्यालयात बसणारे विद्यार्थी या 'समाजा'बाहेरचे कुठे असतात? माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. ते सहा महिने धाकट्या भावंडांचा स्वयंपाक, शाळा आणि घरची एक म्हैस ती सांभाळते. तिलाही नियमाप्रमाणे साठ तास भरायचे होते, ते दुसऱ्या गावी जाऊन रस्ता झाडून. तिच्या घरात जे घडते त्याची नोंद तिनेच केली असती, तर स्थलांतरावरचा तो एक चांगला प्रकल्प झाला असता. पण छापील अर्जात त्याला रकाना नव्हता. समाज म्हणजे आपण जिथून आलो ते नव्हे, बसने जिथे जायचे ते, अशी या अर्जांची समजूत दिसते.

पिंपळे सौदागरचा धडा

महाविद्यालयाने गावात जाऊन काय करावे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घर न् घर, शेत न् शेत अशी पाहणी केली. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाची पाहणी त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह १९२१ मध्ये छापली. पिंपळे सौदागरात १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे मान यांनी जुनी दप्तरे चाळून दाखवले. जमिनीच्या तुकडेबंदीची चर्चा आजही या पाहणीपर्यंत मागे जाते.

मान यांनी गाव दत्तक घेतले नाही की तिथे रस्ता झाडला नाही. त्यांनी गावाला एक नोंद दिली. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. ज्या शेतांची मोजदाद झाली त्यांवर गृहसंकुले उभी आहेत. शेते गेली, तरी त्यांचा हिशेब राहिला.

श्रमदानाला कमी लेखण्याचा हेतू नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'ची जी परंपरा घालून दिली, तिच्यात श्रमाला अर्थ होता, कारण त्या श्रमावर विद्यार्थ्याची भाकरी आणि फी अवलंबून होती. शिबिरातल्या श्रमाचे तसे नसते. ज्या गावातली माणसे दिवसभर कोयता चालवतात, त्यांना आमच्या दोन तासांच्या टिकावाचे नवल कसे वाटावे? अंगमेहनतीत गाव आमच्यापेक्षा कित्येक पटींनी निष्णात आहे. त्याच्याकडे नसते ते मोजमाप, नकाशा आणि सरकारी कागद वाचून दाखवणारा माणूस. महाविद्यालयाकडे असलेली ही एकमेव खरी शिदोरी आम्ही घरी ठेवून जातो.

काठावरचा भूगोल

प्रकल्पात आम्ही सहाजणांनी गावातल्या वीस विहिरींची पाणीपातळी घेतली. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. तेच महिने आम्ही धरले. सरकारच्या निरीक्षण विहिरी काही हजार, आणि राज्यातली गावे चाळीस हजारांच्या वर. तेव्हा बहुतेक गावांची अशी नोंद कुठेच नसते. मे महिन्याचे माप घ्यायला गेलो तेव्हा सत्र संपले होते आणि त्या दिवसांचे श्रेयांक मिळणार नव्हते.

या कामाने मला काय शिकवले ते सांगते, कारण 'शैक्षणिक विकास' हा शब्द फार सैल वापरला जातो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा आहे, हे परीक्षेपुरते पाठ होते. विहिरीच्या काठावर एका वयस्क शेतकऱ्याने बोट दाखवून समजावले की, वर मुरूम, मग मांजऱ्या, तिथे झरा, आणि खाली काळा पाषाण लागला की खोदणे व्यर्थ. ते ऐकून आल्यावर पाठ्यपुस्तकातले प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा त्यातली आकृती बोलू लागली. तो खोली परसांत सांगत होता, आम्ही मीटरांत लिहीत होतो. दोन्ही मापे एका वहीत आणताना 'एकक' या शब्दाचा अर्थ कळला.

प्रश्न विचारण्याचेही तसेच. छापील प्रश्नावलीत असते : 'पिण्याचे पाणी पुरेसे मिळते काय?' उत्तर बहुधा 'हो' येते, कारण पाहुण्यापुढे पाण्याचे रडगाणे गाणे कमीपणाचे वाटते. 'चैत्रात पाण्यासाठी पहाटे किती वाजता उठावे लागते, आणि कोण उठते?' असे विचारले की चूल, शाळा, मुलीचे लग्न सगळे बाहेर येते.

सरासरीचा मोह कसा फसवा असतो, तेही तिथे दिसले. वीस विहिरींची सरासरी काढली तर मार्चमध्ये गावात पाणी होते. विहिरी नकाशावर मांडल्या तेव्हा लक्षात आले की, नळयोजनेची विहीर ज्या ओढ्याकाठी आहे, तिथेच शेतीच्या विहिरी दाटीने आहेत आणि त्यांत आडवी बोअरे मारलेली आहेत. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले ते माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरोघर नळाने देण्यासाठी. नळ आले, तोट्या आल्या. पण ज्या विहिरीवर सारी मदार, तिचे पाणी उन्हाळ्याआधीच दुसऱ्या वाटेने उपसले जात होते.

हे आकडे आम्ही ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवले. शिबिराच्या समारोपाला हारतुरे होतात. इथे वाद झाला. ओढ्याकाठचे बागायतदार आणि वरच्या वस्तीतल्या बायका यांच्यात तो झाला आणि बराच वेळ चालला. ठराव काही झाला नाही. उठता उठता एकाने विचारले, पुढच्या वर्षीचे आकडे कधी आणणार?

पुढच्या वर्षाचा प्रश्न

या प्रश्नाला विद्यार्थी उत्तर देऊ शकत नाही, कारण पुढच्या वर्षी तो महाविद्यालयात नसतो. उत्तर महाविद्यालयाने द्यायचे आहे. विद्यार्थी येतात-जातात, संस्था राहते. म्हणून श्रेयांकांचा हिशेब एकट्या विद्यार्थ्यापाशी थांबवून चालणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या जिवावर चालतात. वर्गातल्या तासापुरते मानधन मिळणाऱ्या शिक्षकाने मे महिन्याच्या उन्हात, स्वतःच्या खर्चाने, विहिरी मोजायला मुलांबरोबर जावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मार्गदर्शक नसला की विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानातला तयार प्रकल्प विकत घेतो, आणि हल्ली तर यंत्राकडून लिहूनही घेतो. साठ तास कागदावर भरतात. त्या कागदांत गावाचे नाव बदलले की तो दुसऱ्या महाविद्यालयातही चालतो.

तरीही चार गोष्टी फार पैशांवाचून होण्यासारख्या आहेत. एका महाविद्यालयाने निदान दहा वर्षे तेच गाव धरावे आणि आधीच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. कामाचे महिने सत्राने नव्हे, गावाच्या गरजेने ठरावेत. पाण्याचे काम उन्हाळ्यात होते आणि स्थलांतराचे टोळ्या परतल्यावर. २०१५ पासून 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामपंचायतीचे आराखडे होतात, ते विद्यार्थ्यांनी वाचावेत आणि आपल्या नोंदी त्यांच्याशेजारी ठेवाव्यात. आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : अहवाल ग्रामसभेत वाचल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत. परीक्षकाला न दिसलेली चूक वरच्या वस्तीतल्या बाईला तत्काळ दिसते.

शिक्षकाचा प्रवास आणि मानधन यांची तरतूद मात्र शासनाला करावीच लागेल. विषय सक्तीचा केला तर त्याचा खर्च ऐच्छिक ठेवता येत नाही. देशमुख समितीच्या वेळी सरकारने निदान हे मान्य करून माघार घेतली होती. या वेळी माघार घेतलेली नाही आणि खर्चही नीट मांडलेला नाही. येत्या ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, राज्यातल्या किती महाविद्यालयांचे विद्यार्थी पहिले माप घ्यायला त्याच जुन्या विहिरींवर जातील, त्यावर या धोरणाची किंमत ठरेल.