जमा आणि नावे

सत्कारसमारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ह्यांनी शून्यातून विश्व निर्माण केले!’ टाळ्या पडतात, शाल पांघरली जाते. मी मात्र मनाशी हिशेब मांडू लागतो. शून्यातून खरेच काही निघते का हो?

ह्या बाबतीत विचारावे ते भास्कराचार्यांना. जन्म इ. स. १११४, गाव विज्जलविड. हे विज्जलविड म्हणजे बीड, असे काही अभ्यासक म्हणतात. काही जण ते चाळीसगावजवळच्या पाटणला नेतात. आम्ही बीडकर अर्थात पहिल्या मताचे! शून्याने भागलेल्या राशीला आचार्यांनी ‘खहर’ म्हटले. तिच्यात काही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही. सृष्टीच्या उत्पत्तिप्रलयात अनंत अच्युत बदलत नाही, तशी. कल्पना सुंदर खरी. पण आजचे गणित तिला मान्यता देत नाही. सहाला शून्याने भागून एखादी संख्या आली, तर तिला शून्याने गुणून सहा परत मिळायला हवेत. मिळते शून्यच! तर्काने दार लावून घेतले.

पण एक खिडकी उघडी आहे. शंभर रुपये उसने आणा. हातात शंभर, डोक्यावर शंभर, बेरीज शून्य. पदार्थविज्ञानाने हाच मार्ग धरला. विश्व प्रसरण पावते, तरी त्याची दाटी कायम राहते, असे मानणाऱ्या फ्रेड हॉईल आणि आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांना सतत नवे द्रव्य हवे होते. ते यायचे कुठून? १९६०च्या दशकात त्यांनी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र कल्पिले : द्रव्य जमेला, तेवढीच ऊर्जा क्षेत्राच्या नावे. १९६५ साली विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. उधारीची कल्पना मात्र टिकली. द्रव्याची ऊर्जा धन, गुरुत्वाकर्षणाची ऋण, बेरीज कदाचित शून्य. तेव्हा अवघे विश्वच निर्वातातून उपजले असेल, असे १९७३ साली एडवर्ड ट्रायन यांनी सुचविले.

परंतु हे निर्वात तरी रिकामे कुठे आहे? त्यात दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ समोरासमोर ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील, असे कॅसिमिर यांनी १९४८ साली गणिताने सांगितले. १९९७ साली लॅमोरो यांनी ते बल नेमके मोजून दाखविले. म्हणजे सावकार हजर आहे, व्यवहाराचे नियमही हजर आहेत. ह्याला निव्वळ अभाव कसे म्हणावे?

आमच्या बीड जिल्ह्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून ‘उचल’ आधीच घेतलेली असते. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. ह्यांचा हंगाम शून्याच्याही खालून सुरू होतो. तुमच्याआमच्या करंजीतली साखर अशी कोणाच्या तरी नावे मांडलेली असते.

सत्कारमूर्तींचे शून्यही असेच. फीसाठी पाटल्या मोडणारी आई असते, धाकट्यासाठी शाळा सोडणारा थोरला भाऊ असतो. कर्तबगारी त्यामुळे कमी होत नाही. फक्त भाषणात जमेबरोबर ही नावेही वाचावीत, म्हणजे हिशेब पुरा होतो.