सहल कचरा डेपोवरही न्या

शाळेची सहल म्हटली की आपल्याकडे प्रतापगड, सज्जनगड, औदुंबर, सागरेश्वर ही ठिकाणे ठरलेली. ती असावीतच. पण वर्षातून एक दिवस मुलांना कचरा डेपोवरही न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाक मुरडू नका. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली कराड, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी देशात पहिली आली. तीन वर्षे लागोपाठ पहिला नंबर सातारा-सांगलीतच राहिला.

हल्ली ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द कानावर येतो. शब्द नवा, व्यवहार जुना. शेण गोबरगॅसला, त्यातला रबडा शेताला, शेतातली वैरण पुन्हा जनावराला. साखर कारखान्यात उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळते, मळीपासून स्पिरीट निघते. डेपोवरही हेच चालते. ओल्या कचऱ्याचा ढीग नीट कुजू लागला की आतून तापतो. ही उष्णता ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकली, तर बहुतेक रोगजंतू मरतात आणि उरते ते खत.

पण आरोग्याचा खरा धडा आहे तो कचरा निवडणाऱ्या कामगारांपाशी. खरकट्यात बरबटलेला कागद पुन्हा कामाचा राहत नाही, हे एक नुकसान. दुसरे त्याहून मोठे. मिसळलेल्या कचऱ्यात हात घालणाऱ्याला फुटकी काच, ब्लेड आणि इंजेक्शनच्या सुया लागतात. रक्त लागलेल्या सुईतून ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीचे विषाणू, क्वचित एड्सचाही विषाणू शरीरात शिरू शकतो. या सुया फक्त दवाखान्यांतून येतात असे समजू नका. मधुमेहाचे कितीतरी रुग्ण घरीच इन्शुलिन घेतात आणि सुई केराच्या डब्यात टाकतात. ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले ते उगीच नव्हे.

“मुलांना घाणीत कशाला न्यायचे?” असे काही पालक विचारतील. वाचकहो, घाण डेपोवर तयार होत नाही. ती आपल्याच स्वयंपाकघरातून तिकडे जाते. काळजी मात्र जरूर घ्यावी. पायांत बूट हवेत. दमा असलेल्या मुलांना ढिगापासून लांब ठेवावे. कशालाही हात लावू देऊ नये, आणि डबा खाण्यापूर्वी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. मुलांकडून कचरा निवडून घेणे तर सर्वस्वी चूक.

सहलीनंतर गुरुजींनी निबंध जरूर लिहून घ्यावा, पण महिन्याने मुलांना आणखी चार गोष्टी विचाराव्यात. घरात ओल्या-सुक्याचे दोन डबे झाले का? इन्शुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून वेगळ्या दिल्या जातात का? सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून टाकले जातात का? परसातले जुने टायर, करवंट्या हलवल्या का? तिथे साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो.

या चारही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर सहलीचा खर्च वसूल झाला म्हणावे.