न समजावता घेतलेली सही म्हणजे अंगठाच!

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. त्यांच्या उपचारांची सोय वायसीएम रुग्णालयात झाली. या आजारात हातपाय लुळे पडतात आणि निदानासाठी पाठीच्या कण्यातले पाणी तपासतात. ‘पाठीत सुई टोचली की माणूस अपंग होतो’ हा समज चाकणच्या कामगारांच्या खोल्यांपासून पिंपरीच्या वस्त्यांपर्यंत आहे. तो चुकीचा आहे. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली ही सुई टोचतात. काही दिवस डोके दुखू शकते. पण भीतीपोटी नकार दिला, तर निदान लांबते.

आता अहवालाकडे वळू. निरोगी माणसाचे हे पाणी नितळ असते. एका घनमिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी ५ पर्यंत, १०० मिलिलिटरमध्ये प्रथिने साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम, आणि साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश. जिवाणूंच्या मेंदूज्वरात पाणी गढूळ होते, पेशी शेकडो-हजारोंनी वाढतात, साखर घसरते. क्षयाच्या मेंदूज्वरातही साखर घटते व प्रथिने वाढतात, मात्र पेशी बहुतांशी लिम्फोसाइट असतात. विषाणूंच्या मेंदूज्वरात साखर बहुधा ठीक राहते. गुलेन-बॅरेत प्रथिने वाढतात, पेशी मात्र फारशा वाढत नाहीत. आणि पहिल्या आठवड्यात प्रथिनेही नॉर्मल येऊ शकतात!

म्हणूनच एकट्या आकड्याला काही अर्थ नाही. आजाराचा कितवा दिवस, रक्तातली साखर किती, पायांतली ताकद किती, हे सारे जोडूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग रजा कशाला?’ असे कंत्राटी कामगाराला ठेकेदाराने सुनावले, तर तो त्याच्या जिवाशी खेळ ठरेल.

कायदा काय सांगतो? तपासणीचा हेतू, धोके आणि पर्याय समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

तेव्हा बांधवांनो, तपासणीला घाबरू नका. सही करण्याआधी विचारा, अहवालाची प्रत मागा, त्याचा अर्थ विचारा. आपल्या आजोबांना न वाचता अंगठा उठवावा लागला. आपण शिकलो ते तसाच अंगठा पेनाने उठवण्यासाठी नव्हे!