रणगाडा नवा करायचा नाहीये मला

माळ्यावरच्या खोक्यात दादाचा सेंच्युरियन सापडला. तामियाचा, १:३५ मापाचा. तोफेची नळी मोडलेली, दोन चाकं गायब, आणि व्हिनाइलचे पट्टे इतकी वर्षं टेकून राहिल्याने उरलेली चाकं वितळलेली. (पट्टे मऊ ठेवणारं द्रव्य पॉलिस्टायरीनला खातं. जुनी मॉडेल्स ठेवताना पट्टे काढून वेगळे ठेवा, बाबांनो!)

फोटो पाहून छंदातल्या मित्रांचा एकच घोष : ब्रेक ऑइलमध्ये बुडव, रंग उतरव, एअरब्रशने नवा मार. एक तर म्हणाला, सरळ नवं किट घे.

का म्हणून? हा जाडाभरडा हिरवा रंग दादाने बाराव्या वर्षी फासलाय. बुरुजावर त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. १९७१ साली बसंतरला अरुण खेत्रपाल ज्यातून लढले तो हाच, असं तो ठासून सांगायचा. त्यांची रेजिमेंट पूना हॉर्स, म्हणजे आपलीच! (पुरावा काय, तर नावात पुणं.) दादा आता नाही. रंग धुतल्यावर उरेल काय, नुसतं प्लास्टिक?

जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांना हीच मंडळी शिव्या घालतात. इथे मात्र सगळं चकाचक हवं!

मी पितळेची नळी बसवली, चाकं दुसऱ्या किटमधली लावली. दोन्ही मुद्दाम रंगवली नाहीत. त्याचं कुठलं, माझं कुठलं, ते दिसू दे. पट्टे या वेळी कडक प्लास्टिकचे आणलेत, एकेक कडी जोडायची. अर्धी बाजू झालीय.