वजन घटले, पण कोणाचे?

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४मध्ये जेजुरी येथे पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, या जैविक प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. हे प्लॅस्टिक उसाच्या साखरेपासूनही बनते, त्यामुळे महाराष्ट्राला त्यात रस असणे स्वाभाविक आहे. पीएलए महाग पडते, म्हणून त्यात उसाच्या चिपाडाचा चुरा, भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या मिसळतात. खर्च उतरतो आणि शेतातल्या टाकाऊ मालाला मोल येते. त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र वनस्पतीचा चुरा घातला की प्लॅस्टिक आपोआप लवकर कुजते, हा समज धोक्याचा आहे.

पीएलएवर पहिला घाव पाणी घालते. ते आत शिरून रेणूंच्या लांब साखळ्या तोडते आणि तुकडे पुरेसे लहान झाल्यावर जिवाणू व बुरशी ते खातात. वनस्पतीचे तंतू पाणी शोषतात. शिवाय ते प्लॅस्टिकला घट्ट चिकटत नसल्याने मध्ये बारीक फटी राहतात. पाण्याला तीच वाट सापडते. चुऱ्यात स्टार्च असेल तर सूक्ष्मजीव आधी ते फस्त करतात आणि मागे पोकळ्या राहतात. अशा वेळी विघटनाचा वेग खरोखर वाढतो.

पण उलटही घडते. वस्तू मजबूत व्हावी म्हणून कारखाने तंतूंवर प्रक्रिया करतात, त्यांना प्लॅस्टिकशी जोडणारी रसायने घालतात. फटी बुजतात, तशी पाण्याची वाटही बुजते. काही तंतूंभोवती पीएलएचे स्फटिक जमतात आणि स्फटिकी भागात पाणी सावकाश शिरते. लाकडातले लिग्निन सूक्ष्मजीवांना सहज पचत नाही. तुसात तर १५ ते २० टक्के सिलिका असते. ती कुजतच नाही.

तापमानाचा प्रश्न वेगळाच. औद्योगिक कंपोस्टची चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि पीएलएचा कडकपणाही ६० अंशांच्या सुमारास सुटतो. गावाबाहेरच्या उकिरड्यावर किंवा समुद्रात पीएलएचा चमचा वर्षानुवर्षे टिकू शकतो. चुरा ही मर्यादा पुसून टाकत नाही.

वनस्पतीतले काही मिसळले की प्लॅस्टिक कुजते, ही गफलत जुनी आहे. १९७०च्या दशकात ब्रिटनमधील ब्रुनेल विद्यापीठाचे जेराल्ड ग्रिफिन यांनी पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळण्याची पद्धत विकसित केली. पुढे अशा पिशव्या कुजणाऱ्या म्हणून विकल्या गेल्या. स्टार्च गेले, पॉलिथिन मात्र तुकड्यातुकड्यांनी उरले.

म्हणून मातीत पुरलेल्या वस्तूचे वजन ३० टक्क्यांनी घटले, एवढे सांगून भागत नाही. त्या वस्तूत ४० टक्के चुरा असेल, तर घटलेले सगळे वजन चुऱ्याचेच असू शकते. युरोपचे ईएन १३४३२ हे मानक सहा महिन्यांत ९० टक्के विघटन मागते आणि प्रत्येक महत्त्वाच्या सेंद्रिय घटकाची तपासणीही मागते, ते याचसाठी.

महाराष्ट्राने २०१८ची प्लॅस्टिकबंदी २०२२च्या अखेरीस कंपोस्टेबल वस्तूंसाठी शिथिल केली. त्यामुळे राज्याची जबाबदारी वाढली आहे. मिश्रणाची कृती बदलली की नव्याने चाचणी व्हावी. मूळ प्लॅस्टिक कोणते, चुरा किती आणि वस्तू कुठल्या परिस्थितीत कुजते, हे तिच्यावर मराठीत छापावे. मिलानमध्ये ओला कचरा कंपोस्टेबल पिशव्यांतून वेगळा गोळा होऊन प्रक्रिया केंद्रात जातो. आपल्या महापालिकांनीही अशा वस्तूंना परवानगी देण्याआधी त्या कुठे कुजवणार, ते केंद्र दाखवावे.