विद्यापीठाच्या हिशोबात असोद्याची मजूर बाई कुठे आहे?

जळगाव शहराला खेटून असलेल्या असोदा गावात १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. शेतात राबताना आणि जात्यावर बसल्यावर त्यांना जे सुचे, ते मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी लिहून ठेवले म्हणून वाचले. बहिणाबाई गेल्या १९५१ साली, पुस्तक निघाले १९५२ साली. आणि २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईच्या हाती या व्यवस्थेने पाटी दिली नाही, तिचे नाव आज हजारो पदवी प्रमाणपत्रांवर छापले जाते.

या नावाचा आम्हाला आनंदच आहे. विद्यापीठाच्या नावाची किंमत काय असते, ते आम्हाला कोणी शिकवायला नको. मराठवाड्यात १९७८ पासून १९९४ पर्यंत आम्ही ती रक्ताने मोजली आहे. परंतु नावाच्या पाटीपाशी थांबण्याची आमची सवय नाही. पाटीच्या आत काय चालते, कोणासाठी चालते, हे विचारणे हीच आमची सवय आहे.

आत काय चालते? संशोधन चालते. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, पर्यावरण, भौतिकशास्त्र, संगणक, व्यवस्थापन, भाषा, समाजशास्त्र अशा सगळ्या प्रशाळांतून चालते. देशातल्या कोणत्याही विद्यापीठाचा वार्षिक अहवाल उघडा, त्यात आकड्यांचे रकाने दिसतील. इतके शोधनिबंध, इतके पेटंट, इतक्या पीएच.डी., इतकी चर्चासत्रे. आम्ही मोजणीच्या विरोधात नाही. १५ ऑगस्ट १९९० रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून धडगाव-अक्कलकुव्याच्या पोराला पदवीच्या कामासाठी पुण्याची वारी करावी लागत नाही. ही काही लहान गोष्ट नव्हे. आमचा सवाल वेगळाच आहे. मोजले जाते ते काय, आणि सुटते ते काय?

आधी मोजण्याचीच कथा ऐका. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचे कोष्टक जोडले. निबंध छापला की गुण, पुस्तक छापले की गुण. झाले! गल्लोगल्ली नियतकालिके निघाली. पैसे भरा आणि आठ दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' व्हा. आयोगाने मान्यता दिलेल्या यादीतूनच २०१८ च्या मे महिन्यात ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली, यावरून हा धंदा किती फोफावला होता ते कळते. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली गेली. २०१६ पासून देशातल्या संस्थांची क्रमवारी सुरू झाली, तीत संशोधनाला शंभरातले तीस गुण. म्हणजे गेली पंधरा वर्षे तराजू बदलत राहिला, पण तराजूत काय टाकायचे हा विचार झाला नाही.

या बाजारात सर्वांत जास्त कोण भरडला गेला? ज्याच्या घरात पहिल्यांदा कोणी एम.ए., एम.एस्सी. झाले तो. २०१६ च्या नियमाप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी निदान एक निबंध छापून आणणे सक्तीचे होते. प्रस्थापिताच्या मुलाला मामा-काका संपादक मंडळावर सापडत. आमच्या पोराला मात्र बापाच्या मजुरीतून छपाईची फी भरावी लागे. २०२२ च्या नियमांत ही सक्ती गेली, पण तोपर्यंत एक पिढी त्या दाराशी पैसे मोजून आत गेली होती.

आता असोद्याकडे वळू. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो. भरिताचा हंगाम होता. खानदेशी वाचकाला सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. असोदा, भादली, बामणोद या पट्ट्यातले हिरवे-पांढरट मोठे वांगे, त्यात बिया कमी. ते कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजायचे, लाकडी बडगीत ठेचायचे आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायचे. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळाले. मोठा गवगवा झाला. मानांकन मातीला मिळाले, वाणाला मिळाले, गावाच्या नावाला मिळाले. तोडणाऱ्या हाताचे काय?

शेताच्या बांधावर वांगी तोडून थकलेल्या बाया पाणी प्यायला बसल्या होत्या. वांग्याच्या देठाला काटे असतात. एका बाईने आम्हाला आपली बोटे दाखवली. फवारणी झाल्यावर किती दिवसांनी तोडायला येता, असे विचारले तर ती म्हणाली, "मालक बोलावतो तवा येतो." या वांग्याला आता मोठा सरकारी मान आहे, हे तिला ठाऊक नव्हते. विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे, हे मात्र ठाऊक होते. ते आपल्या गावची लेक म्हणून.

संशोधनाच्या दृष्टीने पाहा. या एका वांग्यात किती विद्याशाखा बसल्या आहेत! वाण शुद्ध कसा राखावा हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न. फळावर औषधाचा अंश किती उरतो हा रसायनशास्त्राचा. तोच अंश तोडणाऱ्या बाईच्या कातडीतून किती आत जातो हा वैद्यकाचा. मानांकनाने वाढलेल्या भावातला मजुरीच्या वाट्याला किती आला हा अर्थशास्त्राचा. शेत कोणाचे आणि हात कोणाचे, हा तर सरळ जातीचा प्रश्न, कारण खानदेशातल्या शेतांत राबणाऱ्या हातांत बौद्ध, मातंग, भिल्ल, तडवी, पावरा यांचे हात फार आहेत. २०१० च्या फेब्रुवारीत बीटी वांग्याला केंद्र सरकारने स्थगिती दिली, ती काही फक्त प्रयोगशाळेच्या अहवालावरून नव्हे. सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, शेतकरी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, मग निर्णय झाला. वांग्याचा प्रश्न एका खोलीत सुटत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

असे संशोधन झालेच नाही, असा आमचा दावा नाही. पण झाले असेल तर ते त्या बाईच्या हाती का पोहोचले नाही? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. त्याच्या कितीतरी आधीपासून या राज्यात कृषी विद्यापीठे होती, रसायनशास्त्राचे विभाग होते. निबंध इंग्रजीत छापले गेले, गुण मिळाले, बढत्या झाल्या. पंप पाठीवर घेणाऱ्याला मात्र हातमोज्याची गोष्ट कोणी सांगितली नाही.

प्रश्न निवडतो कोण, यावर हे सारे ठरते. ज्याच्या आईची बोटे काट्यांनी सोललेली आहेत, तो पोरगा प्रयोगशाळेत पोहोचला तर तो हाच प्रश्न विचारील. त्याला तिथे पोहोचू देण्याचे साधन म्हणजे अधिछात्रवृत्ती. आणि तिच्यावरच घाव पडतात. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाची अधिछात्रवृत्ती काही महिने अडवून ठेवली गेली होती. १७ जानेवारी २०१६ रोजी काय झाले ते आपण विसरलेलो नाही. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद केली. २०२३ मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या पैशासाठी आझाद मैदानावर बसावे लागले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता, पीएच.डी. करून मुले काय दिवे लावणार, असा सवाल तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात केला. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ते ठीक झाले. पण तो शब्द तोंडात आला कुठून? संशोधन म्हणजे वरच्यांचे काम आणि खालच्यांची चैन, या जुन्या समजुतीतूनच.

दिवे कसे लावतात, ते आमच्या बापाने दाखवून ठेवले आहे. सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. परत आल्यावर १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तेव्हाचे पंडित सांगत होते की जमिनीचे तुकडे जोडा, शेत मोठे करा, की झाले. बाबासाहेबांनी विचारले, शेत लहान की मोठे हे ठरवणार कशावरून? भांडवल नाही, अवजारे नाहीत आणि काम नसलेले हात जमिनीवर पडून आहेत. तेव्हा इलाज उद्योगधंदे वाढवण्यात आहे. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२५ साली त्याच विषयावर शाही आयोगासमोर साक्ष दिली. जमिनीच्या प्रश्नावर लिहिले आणि १९३७ साली विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, अशा वेगवेगळ्या खोल्या त्यांनी केल्या नाहीत. त्या काळी त्यांच्या निबंधांना गुण द्यायला कोणते कोष्टक होते?

म्हणून आमचे विद्यापीठाकडे मागणे फार मोठे नाही. खानदेशच्या माणसावर, पिकावर, पाण्यावर जो प्रबंध होईल त्याचा मराठीत चार पानी सारांश करून तो संबंधित ग्रामपंचायतीत आणि बुद्धविहारात लावावा. अधिछात्रवृत्तीचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात की नाही, याचा रकाना शोधनिबंधांच्या रकान्याशेजारी छापावा. आमच्या संशोधक मुलामुलींनाही सांगणे आहे. मार्गदर्शकाने सुचवला म्हणून विषय घेऊ नका, आईला विचारून घ्या. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण बाबासाहेबांच्या आठवणीने जमतो. तिथे गाणी होतात, भाषणे होतात. एक तास आपल्या पोरांच्या प्रबंधांना द्यायला काय हरकत आहे?

आणि प्रबंधाची मौखिक परीक्षा नियमाने खुली असतेच. ती बंद सभागृहातच व्हावी, असे कुठे म्हटले आहे? वांग्यावरच्या, फवारणीवरच्या प्रबंधाची परीक्षा असोद्याला घ्या. विद्यापीठाच्या टेकडीवरून उतरून गिरणेचा पूल ओलांडला, शहर पार केले, की भादलीच्या रस्त्याला गाव लागते. परीक्षकांना जेवायला भरीत मिळेल. फक्त पहिला प्रश्न तोडणीवरच्या बाईला विचारू द्या.