नाव तेवढे बदला!

माझी भाची मिरजेच्या मराठी शाळेत शिकली, बी.कॉम. झाली. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका बड्या कंपनीत ग्राहकसेवेच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. काम फोनवरचे, तेही मराठी ग्राहकांसाठी. आधी उतारा वाचून घेतला. मग समोरचे साहेब स्वतःच चिडलेले ग्राहक बनले : "पैसे कापले, रिचार्ज झाला नाही, तुमच्या वरच्याला फोन द्या!" पोरीने ऐकून घेतले, माफी मागितली, व्यवहाराचा क्रमांक विचारला, तक्रार नोंदवून मुदत सांगितली. साहेब खूश. मग कागदावरचे नाव पाहून म्हणाले, "अरे वा! तुम्ही असूनही मराठी किती शुद्ध बोलता!"

या 'तुम्ही असूनही'त आमची हयात गेली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याला काही शतके झाली. अजून आमची मराठी परीक्षेलाच बसलेली!

पुढचा प्रश्न खरा. "कॉलवर दुसरे नाव चालेल ना? साक्षी वगैरे. ग्राहकांना सोपे जाते." भाची म्हणाली, "सर, शाहीन सोपेच आहे. साक्षीत तर जोडाक्षर आहे." साहेब हसले. "कळवतो" म्हणाले. कळवले नाही.

नावामुळेच नाकारले, हे मी सिद्ध करू शकत नाही. कारण लिहून द्यायचेच नाही, हीच तर गोम आहे. पण सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना होकारार्थी उत्तरे कमी आली. तिथे तर आवाजही कुणी ऐकला नव्हता. आणि संविधानाचे कलम 16 दाखवू नका. ते सरकारी नोकरीपुरते आहे. खाजगी कंपनीच्या दारात ते पोचत नाही.

कॉल सेंटरे नवी होती तेव्हा अमेरिकी ग्राहकासाठी सुनीताची सुझन होत असे. गोऱ्यांना आपली नावे जड जातात म्हणून आपण सगळेच चिडत होतो. मग मराठी माणसासाठी शाहीनची साक्षी करताना ती चीड कुठे जाते?

आमच्यातले शहाणेही कमी नाहीत. "पगार घ्या, नावाचे काय घेऊन बसलात?" म्हणतात. बार्शीच्या मेहबूब पटेलांचेही नाव बदललेच होते. ते शाहीर अमर शेख झाले. पण बदललेल्या नावातही 'शेख' होता, आणि त्याच नावाने संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले. ते नाव कुणा साहेबाने टेबलावरून सरकवले नव्हते. पोटासाठी साक्षी होणाऱ्या पोरीला मी नावे ठेवणार नाही. मात्र घरबसल्या तिला तसा सल्ला देणाऱ्यांशी माझे भांडण आहे. त्यांनी आधी आपल्या दुकानाची पाटी बदलून दाखवावी.

त्यात माझी बहीणही आहे. परवा पुन्हा म्हणाली, "भाईजान, तिने ते जोडाक्षराचे बोलायला नको होते." भाची आत दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरत होती. तिथूनच ओरडली, "मामू, नाव पूर्ण लिहिलंय हं, अब्बांच्या नावासकट!"